आधी कुणाकडे?

चार पेशंट आहेत. पहिलीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस आहे, दहापैकी आठ दुखतंय म्हणते. दुसरा न्यूमोनियाचा, ताप 101. तिसऱ्याला आज घरी सोडायचंय, कागद तयार नाहीत म्हणून त्याने सकाळपासून तीनदा बेल वाजवलीय. चौथे सत्तरीचे आजोबा. सकाळी नीट बोलत होते, आता हाताला लावलेली सलाईनची नळी ओढतायत आणि विचारतायत, मी कुठे आहे? नर्स आधी कुणाकडे जाईल?

शिकागोच्या बाहेर आम्ही राहतो त्या गावातल्या लायब्ररीत, खिडकीजवळच्या टेबलावर, 2023 च्या ऑगस्टमध्ये मी अमेरिकेतल्या नर्सच्या परवान्याच्या परीक्षेसाठी अशा धाटणीचा पहिला प्रश्न सोडवला आणि गुडघेवाल्या बाईकडे गेले. चूक. आधी आजोबा. माणूस अचानक भांबावला तर मेंदूला ऑक्सिजन कमी पडत असण्याची शक्यता आधी धरायची. गुडघ्याचं दुखणं दहा मिनिटं थांबू शकतं. उत्तराखाली चौकटीत हे सगळं नीट समजावून लिहिलं होतं. वाचता वाचता माझे कान तापले, कारण हे मला एका बाईंनी तेरा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. रात्री अडीच वाजता, बॅटरीच्या उजेडात.

मी सांगली जिल्ह्यातली. जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून 2010 ते 2019 अशी नऊ वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होते. पहिली नेमणूक स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात. चाळीस खाटा, पन्नास-पंचावन्न पेशंट, उरलेल्या खाली गादीवर. रात्रपाळीला आम्ही दोघी, आणि दुसरी रजेवर असली की एकटी. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक नर्स आणि साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक नर्स हवी. हे आम्हाला शाळेत शिकवलेलं होतं आणि परीक्षेच्या पेपरातही आम्ही लिहिलेलं होतं.

त्या वॉर्डाच्या इन्चार्ज बाई पहिल्या आठवड्यात माझ्यासाठी मुद्दाम रात्री थांबल्या. एका कोपऱ्यात एक आजी पोट धरून मोठ्याने ओरडत होती आणि मी ट्रे घेऊन तिच्याकडे धावले. बाईंनी माझा दंड धरला. म्हणाल्या, "ओरडतीय म्हणजे श्वास चाललाय तिचा. गप पडलीय तिच्याकडं जा आधी." मग आम्ही दोघी बॅटरी घेऊन एकेका खाटेपाशी गेलो. बाई पेशंटला हात लावायच्या, तळवा कपाळावर नाही, मनगटाच्या वर. गार आहे का, घाम आहे का. नख दाबून सोडायच्या. पंचावन्न पेशंट बघायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली, आणि शेवटून तिसरी, खाली गादीवर शांत झोपलेली वाटणारी मुलगी, तिला बाई हलवायला लागल्या तर ती जागीच होईना. रक्तातली साखर 38 वर उतरली होती.

हे सगळं माहीत असून मी लायब्ररीत गुडघेवाल्या बाईकडे का गेले, याचा मी बरेच दिवस विचार केला. प्रश्न इंग्रजीत होता हे एक. चार वर्षं वॉर्डात पाऊल टाकलेलं नव्हतं हे दुसरं. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले तेव्हा मला काम करायची परवानगी नव्हती. ग्रीन कार्डच्या रांगेत नवऱ्याचा आय-140 अर्ज मंजूर झाला की बायकोला कामाचा परवाना मिळू शकतो, तो नियम 2015 पासून आहे. आमचा तो अर्ज मंजूर व्हायला वेळ लागला. पण खरं कारण या दोन्हींच्या खाली होतं आणि ते कळायला मला एक परीक्षा नापास व्हावं लागलं.

परीक्षेचं नाव एनक्लेक्स. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर ती द्यावीच लागते, मग तुम्ही बोस्टनला शिकलेल्या असा की तासगावला. आपल्याकडे शाळेची शेवटची परीक्षा पास झालं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते, नावापुढे आरएनआरएम, म्हणजे नोंदणीकृत नर्स आणि दाई, लागतं, आणि तेवढ्यावर दुसरी परीक्षा न देता काम करता येतं. इथे शिक्षण वेगळं आणि परवाना वेगळा. शाळा म्हणेल ही शिकली. राज्याचं नर्सिंग बोर्ड म्हणेल, ते ठीक, पण हिच्या हाती पेशंट द्यावा का ते आम्ही बघतो. नोंदणीचा पहिला कायदा इथे 1903 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने केला. एनक्लेक्स हे नाव 1982 चं. 1994 पर्यंत ती कागदावर, दोन दिवस चालायची. आता संगणकावर, कमाल पाच तास.

पण परीक्षेला बसण्याआधी कागद. सीजीएफएनएस (2025 पासून तिचं नाव ट्रूमेरिट) नावाची संस्था परदेशात शिकलेल्या नर्सचं शिक्षण तपासून बोर्डाला अहवाल देते. त्यासाठी माझ्या शाळेने माझ्या प्रत्येक विषयाचे तास, थिअरीचे वेगळे आणि वॉर्डातले वेगळे, भरून, सही-शिक्का करून, लिफाफा बंद करून, तो थेट तिकडे पाठवायचा. माझ्या हाती आला तर चालत नाही. तसाच एक कागद कौन्सिलकडून.

माझे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. शाळेत ते पाच वेळा गेले. पहिल्यांदा क्लार्क रजेवर. दुसऱ्यांदा, असा फॉर्म आम्ही कधी भरलेला नाही, प्राचार्यांना विचारावं लागेल. तिसऱ्यांदा फॉर्म भरला पण मानसोपचाराच्या वॉर्डातले तास रिकामे सोडले, कारण जुनं रजिस्टर सापडत नव्हतं. अण्णांनी चौथ्या खेपेला माझी प्रॅक्टिकलची वही नेली. लाल कापडी बांधणीची, त्यात माझ्या हातून झालेल्या वीस बाळंतपणांच्या नोंदी, प्रत्येकीचा केसपेपर नंबर, बाळाचं वजन, शेजारी ट्यूटरची सही. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी प्रत्येक पोस्टिंगच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझी सवय. त्या तारखांवरून रजिस्टर सापडलं.

पाचव्या खेपेला लिफाफा तयार झाला. अण्णांनी फोटो पाठवला: खाकी लिफाफा, पाठीमागे झाकणाच्या कडेवरून गेलेला शाळेचा गोल शिक्का, अर्धा झाकणावर, अर्धा लिफाफ्यावर. कुणी उघडला तर शिक्का फाटावा म्हणून. खाली लिहिलं होतं, "शिक्का नीट उमटला नव्हता, दुसऱ्यांदा मारायला लावला." पहिली खेप ते हा लिफाफा, सात महिने. माझ्या परीक्षेत अण्णांचे सात महिने आहेत, हे मला कुठेतरी लिहून ठेवायचंच होतं.

मग अभ्यास. सुरुवातीला मी तो आपल्या पद्धतीने केला. दोनशे पानी वही, शरीराची एकेक संस्था, लाल पेनाने अधोरेखित. पोटॅशियम 3.5 ते 5. लिथियम 0.6 ते 1.2. हेपरिनचा उतारा प्रोटामाइन, वॉरफरिनचा व्हिटॅमिन के. हे यायलाच हवं, त्यात प्रश्न नाही. औषधांची नावंसुद्धा नव्याने घोटावी लागली. ज्याला हजार वेळा अॅड्रेनलिन म्हटलं ते इथे एपिनेफ्रिन. सालब्युटामॉल झालं अल्ब्युटेरॉल, पॅरासिटामॉल झालं अॅसिटामिनोफेन, पेथिडिन झालं मेपेरिडिन. औषध तेच, बाटली तीच, पण नाव वाचल्यावर हात आपोआप कपाटाच्या ठरलेल्या खणाकडे जायचा तो जाईना. हे मला जड गेलं. हाताला माहीत असलेली गोष्ट परत डोक्याने शिकायची म्हणजे वेळ लागतो.

दिवसाला पंचाहत्तर प्रश्न सोडवायचे असं ठरवलं होतं. मुलगी साडेआठला शाळेत, तिथून मी लायब्ररीत, अडीचला परत. पहिल्या महिन्यात निम्मेसुद्धा बरोबर येत नव्हते आणि चुकांचं कारण बहुतेक वेळा माहिती नसणं हे नव्हतं. माहिती होती. चारपैकी तीन उत्तरं खरीच असायची. पेशंटला उशी द्या, खरं. डॉक्टरांना कळवा, खरं. नाडी मोजा, खरं. यातलं आधी काय?

मी प्रत्येक वेळी डॉक्टरांना कळवत होते. आणि ते जवळजवळ प्रत्येक वेळी चुकत होतं.

एका रविवारी बाईंना फोन केला. त्या आता निवृत्त आहेत, मिरजेला मुलाकडे असतात, गुडघे गेलेत, आवाज तोच. मी म्हटलं, बाई, मला नऊ वर्षांनी कळतंय की मला काही येत नाही. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकलंच नाही. म्हणाल्या, "प्रश्न काय विचारतायत ते सांग." मी इंग्रजीत वाचायला लागले तर म्हणाल्या, "तसं नको. ओव्हर देतीस तसं सांग."

ओव्हर म्हणजे ड्यूटी बदलताना एका नर्सने दुसरीला वॉर्ड सांगून जाणं. खाट नंबर, नाव, काय झालंय, काय चाललंय, कशावर लक्ष ठेवायचं. मी प्रश्न बाजूला ठेवला आणि सांगितलं: बाई, चार नंबरला साठीचा माणूस, काल छातीत नळी टाकलीय, आता बाटलीतले बुडबुडे अचानक थांबले. सहाला मधुमेहाची बाई, साखर 240. सातला काल पित्ताशय काढलेली, उलटी झाली एकदा. नऊला जाड्या पायाची, रक्ताची गाठ आहे, हेपरिन चालू, आता म्हणते छातीत कसंतरी होतंय आणि दम लागतोय.

"नऊला जा की," बाई म्हणाल्या. "गाठ सुटून वर गेली असंल. जाता जाता चारच्या नळीवर कोण झोपलंय का ते बघ."

उत्तर बरोबर होतं. पर्याय मी वाचलेच नव्हते. त्या दिवशी मी बाईंना अकरा प्रश्न सांगितले, त्यांची दहा उत्तरं बरोबर आली. अकरावा अमेरिकेतल्या विम्याबद्दल होता.

तेव्हापासून मी सगळे प्रश्न असेच सोडवायला लागले. पडद्यावर इंग्रजी, डोक्यात आमचा वॉर्ड. प्रत्येक पेशंटला खाट द्यायची, चेहरा द्यायचा. चेहरे सापडायला वेळ लागत नसे. 'फिकट, घामेजलेला, अस्वस्थ' हे तीन शब्द वाचले की मला एकोणीस नंबरची ती ऊसतोड करणारी बाई दिसायची आणि उत्तर हातात यायचं. रविवारची संध्याकाळ बाईंची, म्हणजे माझी सकाळ. परीक्षा होईपर्यंत यात क्वचितच खंड पडला.

मॅग्नेशियमचा प्रश्न मात्र मी बाईंना वाचून दाखवू शकले नाही. निदान त्या दिवशी नाही.

प्रश्न साधा होता. गरोदरपणात रक्तदाब वाढलेली बाई, शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट चालू. गुडघ्यावर ठोकलं तर पाय उडत नाही. श्वास मिनिटाला दहा. नर्स आधी काय करेल? डॉक्टरांना कळवेल, तासाभराने परत तपासेल, मॅग्नेशियम बंद करेल, की उताऱ्याचं इंजेक्शन भरून ठेवेल?

2014 साली मी बाळंतपणाच्या वॉर्डात होते. झटके येऊन आलेली एकोणीस वर्षांची पहिलटकरीण, बाळंतीण झाली, बाळ बरं. तिला तेच मॅग्नेशियम, आमच्या भाषेत मॅगसल्फ, चालू होतं. आमच्याकडे ते स्नायूतून द्यायचे, दर चार तासांनी पाच ग्रॅम, एकदा उजव्या कुल्ल्यात, एकदा डाव्या. औषध अंगात जास्त झालेलं नाही ना, म्हणून प्रत्येक डोसाआधी तीन गोष्टी बघायच्या: श्वास सोळाच्या खाली नको, लघवी तासाला तीस मिलीच्या खाली नको, आणि गुडघा उडायला हवा. हॅमर त्या वॉर्डात नव्हता. मी तळहाताच्या कडेने ठोकायची. रात्री दोनचा डोस भरून ट्रे घेऊन गेले, तिची चादर बाजूला केली, गुडघ्याखाली डावा हात घालून पाय उचलला, ठोकलं. काही नाही. दुसरा पाय. काही नाही. युरोबॅगमध्ये चार तासांची लघवी साठ मिली. श्वास चौदा.

मी डोस दिला नाही. सिरिंज तशीच ट्रेमध्ये झाकून ठेवली, उताऱ्याचं कॅल्शियम ग्लुकोनेट काढून शेजारी ठेवलं, वॉर्डबॉय मामांना डॉक्टरांना बोलवायला पाठवलं. डॉक्टर सिझेरियनमध्ये होते, त्यांना यायला चार वाजले. तोवर मी दर दहा मिनिटांनी तिचा श्वास मोजत बसले होते. ते आले आणि मुलीच्या आईसमोर मला म्हणाले, "डोस द्यायचा की नाही हे आता सिस्टर ठरवणार?" मग त्यांनी स्वतः गुडघ्यावर ठोकून पाहिलं आणि गप्प झाले. केसपेपरवर लिहिलं, डोस थांबवला. सकाळच्या राऊंडला वरिष्ठांनी त्यांची पाठ थोपटली. मुलीचा गुडघा सातच्या सुमाराला परत उडायला लागला. पाचव्या दिवशी ती बाळ घेऊन घरी गेली.

हे मी पूर्वीही लोकांना सांगितलंय. डॉक्टरांबद्दलचा राग म्हणून सांगायचे. लायब्ररीत त्या प्रश्नासमोर बसले तेव्हा वेगळीच गोष्ट आठवली, जी मी कधी कुणाला सांगितली नव्हती. नर्सेस नोट्समध्ये मी रात्री दोनला लिहिलं होतं, "डोस दिला नाही." आणि पहाटे चारनंतर, डॉक्टर गेल्यावर, त्याच ओळीपुढे उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, "आदेशाप्रमाणे." आदेश नव्हता. दोन वाजता कुणाचाच आदेश नव्हता. मी घेतलेला निर्णय मीच माझ्या हाताने दुसऱ्याच्या नावावर लिहून टाकला होता, कारण तो माझा म्हणून राहिला तर मला भीती वाटत होती.

प्रश्नाचं उत्तर होतं, मॅग्नेशियम बंद करेल. आधी बंद, मग कळवणं. खाली स्पष्टीकरणात ते नर्सचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं होतं, तिने धाडस केलं वगैरे काही नाही. मी लॅपटॉप बंद करून बाहेर गाडीत जाऊन बसले.

नऊ वर्षं रोज रात्री मी ठरवत होते. कुणाकडे आधी, काय आधी, काय थांबवायचं, कुणाला उठवायचं. पंचावन्न पेशंटचा वॉर्ड सकाळपर्यंत नेणारी बाई क्षणोक्षणी ठरवतच असते. पण त्या ठरवण्याला आम्ही कधी ठरवणं म्हटलं नाही. कागदावर ते 'कळवले', 'आदेशाप्रमाणे', 'देण्यात आले' असंच उतरायचं. आमच्या नोट्समध्ये कर्ता नसायचा. म्हणूनच पडद्यावर चार पर्याय दिसले की माझा हात डॉक्टरांना कळवण्याकडे जात होता. हेच ते खरं कारण. नर्सिंगच्या इतिहासाच्या पेपरासाठी आम्ही पाठ केलं होतं की 1891 मध्ये बाई काशीबाई गणपत मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात शिकायला गेल्या, त्या पहिल्या भारतीय नर्स. वर्ष पाठ होतं. त्या काळी एका बाईने तिथे जायचं कसं ठरवलं असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

पहिली परीक्षा नोव्हेंबरमध्ये दिली. दंडाला बीपीचा पट्टा बांधताना जसा हात पुढे करतात तसा हात पुढे करून तळव्याच्या शिरांचं स्कॅनिंग करून घेतलं, खिसे उलटे करून दाखवले, घड्याळ काढून लॉकरमध्ये ठेवलं. सगळ्यात परकं तेच वाटलं. नाडीचा प्रश्न आला की मी रिकाम्या मनगटाकडे बघत होते.

ही परीक्षा कशी चालते ते आपल्याकडच्या माणसाला सांगताना मला नेहमी थांबावं लागतं, कारण तिच्यात टक्के नसतात. प्रत्येकीला वेगळे प्रश्न येतात. बरोबर आलं तर पुढचा जरा अवघड, चुकलं तर जरा सोपा. प्रश्न अशा बेताने निवडतात की तुमच्या कुवतीला तो बरोबर येण्याची शक्यता निम्मी असावी. त्यामुळे हुशार असो की कच्ची, सगळ्यांनाच आत बसल्यावर आपण बुडतोय असं वाटतं. निदान 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150. त्यातले पंधरा नुसते चाचणीसाठी, त्यांचे गुण धरत नाहीत, आणि ते कोणते हे कळत नाही. तुम्ही पासच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची 95 टक्के खात्री झाली की यंत्र मध्येच थांबतं. एप्रिल 2023 पासून नवीन पद्धत आली: एकाच पेशंटची गोष्ट पुढे सरकत जाते, डॉक्टरांच्या नोंदी, तपासण्या, नर्सच्या नोंदी, आणि त्यावर सहा प्रश्न. काय दिसलं, त्याचा अर्थ काय, त्यातलं महत्त्वाचं कोणतं, काय करता येईल, काय कराल, केल्याचा उपयोग झाला का. या सहा पायऱ्या मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला बाईंचा बॅटरी घेतलेला हात दिसला.

पहिल्या वेळी 150 प्रश्न झाले आणि मी नापास झाले. पत्रासोबत कुठल्या भागात रेषेच्या वर, कुठल्या भागात जवळ, कुठल्या भागात खाली, हे कळवतात. औषधांत मी वर होते. कामाची वाटणी आणि देखरेख या भागात खाली.

हा भाग म्हणजे कुणाला काय काम सांगायचं. इथे नर्सच्या हाताखाली दोन तऱ्हेची माणसं असतात, आणि त्यांना काय सांगता येतं, काय नाही, याचे पक्के नियम आहेत. पेशंट तपासणं, त्याला शिकवणं आणि केलेल्याचा परिणाम पाहणं, या तीन गोष्टी नर्सने दुसऱ्यावर सोपवायच्या नाहीत. नियम पाठ करायला एक दिवस लागला. पण मी ज्या वॉर्डातून आले तिथे मावशी होत्या, मामा होते आणि सगळ्यात जास्त नातेवाईक होते. नळीतून दूध पाजायचं पेशंटच्या सुनेला शिकवायचं, पाणी किती प्याली ते नवऱ्याने लिहायचं. एकदा व्हेंटिलेटर रिकामा नव्हता तेव्हा एका मुलीच्या भावाच्या हातात अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दिली. शेजारी बसून त्याला शिकवलं, माझ्या श्वासाबरोबर दाब, सोड, दाब, सोड. मग मला उठावं लागलं. तो अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा रात्रभर दाबत राहिला, सकाळी अंगठ्याला फोड आले होते. त्याला दुसरं काही सांगता येण्यासारखं नव्हतं आणि मला दुसरं कुणी नव्हतं. परीक्षेतल्या हॉस्पिटलात पेशंटच्या भावाला कधीच काम सांगावं लागत नाही. ते उत्तर पर्यायांत नसतंच, तरी माझं मन ते शोधत राहायचं.

दुसरी परीक्षा देण्याआधी निदान 45 दिवस थांबावं लागतं. मी जास्तच थांबले. 2024 च्या मार्चमध्ये परत बसले, परत दोनशे डॉलर फी, परत रिकामं मनगट. शहाऐंशीवा प्रश्न आला नाही. दोन दिवसांनी आठ डॉलर भरून निकाल बघितला. पास. अण्णांना फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, "किती पडले?" मी म्हटलं, अण्णा, इथे नुसतं पास असतं. ते म्हणाले, "लिफाफा पोचला म्हणायचा."

मला मात्र मधलाच एक रविवार जास्त आठवतो. जानेवारी, बाहेर गुडघाभर बर्फ, मुलगी झोपलेली. मी बाईंना चार पेशंटची ओव्हर दिली, त्यांनी नेहमीसारखं एका झटक्यात सांगितलं कुणाकडे जायचं ते. बरोबर होतं. मी पुढचा प्रश्न उघडत होते तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"आन् बाकीच्या तिघी?"

मला कळलं नाही. म्हटलं, बाई, प्रश्न एवढाच आहे. आधी कुणाकडे.

"तसं न्हवं. तू तिच्याकडं गेलीस, अर्धा तास तिथं मोडला. तवर बाकीच्यांकडं कोण बघतंय?"

मी सांगितलं की इथे एका नर्सकडे तेवढेच असतात, चार, कधी पाच, कधी सहा. कॅलिफोर्नियात तर कायदाच आहे, साध्या वॉर्डात एका नर्सकडे पाचाहून जास्त पेशंट द्यायचे नाहीत.

"पाच." बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मागे त्यांच्या नातवाचा टीव्ही ऐकू येत होता. "नाईटला?"

"नाईटलासुद्धा."

"एकटी असली तरी?"

"एकटी नसतेच, बाई. शेजारी दुसरी असते, तिचे वेगळे पाच."

त्यांनी परत एकदा विचारलं, पाच म्हणालीस ना. मी हो म्हटलं. मग त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाल्या, "बरं. पुढची ओव्हर दे."